कोडे सोडवा, कारण सांगा

पाठपरिचय : शब्दकोडी आपण वर्तमानपत्रात पाहतो. काही कोड्यांत शब्दाचा अर्थ सरळ दिलेला असतो. काही कोड्यांत मात्र वाक्य एक सांगते आणि त्याच्या आत दुसरेच काही दडलेले असते. असे वाक्य कसे वाचावे, उत्तर कसे शोधावे आणि ते बरोबर का आहे हे दुसऱ्याला कसे पटवून द्यावे, याची माहिती या पाठात दिली आहे. कोडी सोडवता सोडवता मराठी आणि उर्दू या दोन भाषांचे नातेही तुमच्या लक्षात येईल.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

पुढील वाक्य नीट वाचा.

राजर्षी राजा, पुढे ताटातला तळलेला पदार्थ. मिळून कोल्हापुरातील पेठ (४)

वाक्य चमत्कारिक वाटते ना? राजाच्या पुढे ताट ठेवले आणि पेठ कशी मिळेल? आता घाई न करता एकेक तुकडा वेगळा करा. राजर्षी राजा म्हणजे शाहू. ताटातला तळलेला पदार्थ म्हणजे पुरी. दोन्ही शब्द शेजारी ठेवा. शाहू आणि पुरी, शाहूपुरी! शेवटी कंसात ४ हा आकडा आहे. शा, हू, पु, री अशी चार अक्षरे झाली. ताळा जमला.

शाहूपुरी ही कोल्हापुरातील व्यापारी पेठ. छत्रपती शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि त्यानंतर १८९५ मध्ये ही पेठ वसवली गेली. त्याआधी १८९१ साली मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग सुरू झाला होता. रेल्वे स्थानक जवळ असल्याने गुळाच्या व्यापाराला येथे जोर आला. या पेठेतून चालताना दुकानांच्या पाट्या वाचा. दुकान, बाजार, मालक, हिशेब, किंमत, तराजू, हमाल. हे सर्व शब्द मराठी आहेत आणि तुम्हांला ते घरीही ऐकू येतात. ते अरबी आणि फारसीतून मराठीत आले. म्हणजे मराठीचे कोडे सोडवायला बसताना तुमच्या पिशवीत आधीच पुष्कळ शब्द आहेत.

कोडे, उखाणा आणि मुअम्मा

कोडे घालण्याची हौस जुनी आहे. मराठीत कोडे, उखाणा, कूटप्रश्न असे शब्द आहेत. उर्दूत पहेली आहे आणि मुअम्माही आहे. अमीर खुसरो (१२५३ ते १३२५) यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पहेल्या तुम्ही ऐकल्या असतील. त्यांच्याच नावावरचा 'दो सुखने' हा प्रकार पाहा. त्यात दोन वेगळे प्रश्न विचारतात, पण दोन्हींचे उत्तर एकच असते. एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर तो खेळ चालतो. मराठी व्याकरणात याला श्लेष म्हणतात. मुअम्मा म्हणजे ज्या ओळीत एखादे नाव अक्षरांची जोडतोड करून लपवलेले असते असा काव्यप्रकार. पुढे उर्दू मासिकांतील चौकटींच्या कोड्यालाही मुअम्मा हेच नाव पडले. दिल्लीहून १९३९ पासून निघू लागलेल्या 'शमा' या मासिकाचा 'अदबी मुअम्मा' एके काळी फार लोकप्रिय होता. ते मासिक आता बंद झाले आहे.

मराठीतही अक्षरांशी खेळणारे कवी झाले. त्यांपैकी मोरोपंत (१७२९ ते १७९४) आपल्या जवळच्या पन्हाळगडावर जन्मले. त्यांनी एकशे आठ रामायणे लिहिली असे सांगतात. त्यांतील एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ज्यांच्या उच्चारात ओठाला ओठ लागतो अशी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात टाळली आहेत. आता विचार करा. 'राम' या शब्दातच म आहे! म्हणजे रामाची कथा सांगायची, पण 'राम' हे नाव उच्चारायचे नाही. भाषेवर किती हुकमत असेल तेव्हा हे साधेल.

चौकटींचे कोडे कसे सुरू झाले?

आज आपण पाहतो तसे चौकटींचे शब्दकोडे आर्थर विन या पत्रकाराने तयार केले. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापले गेले. त्याचा आकार चौरस नव्हता, पतंगासारखा होता. १९२० नंतर हे वेड इंग्लंडात पोहोचले. तेथील कोडेकारांना सरळ अर्थ देणे फार सोपे वाटू लागले. त्यांनी फसवे वाक्य रचण्याची पद्धत वाढवली. तिला आपण गूढ शब्दकोडे म्हणू.

या कोड्यांचा एकदा युद्धातही उपयोग झाला. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' या वर्तमानपत्राने आपल्या कचेरीत स्पर्धा घेतली. कोडे बारा मिनिटांच्या आत सोडवायचे होते. पाच जणांना ते वेळेत जमले, परंतु त्यांतील एकाने एक शब्द अशुद्ध लिहिला होता, म्हणून तो बाद झाला. स्पर्धेनंतर काही आठवड्यांनी काही स्पर्धकांना सैन्याच्या खात्याकडून बोलावणे आले. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठी अशी माणसे हवी होती. जे लिहिले आहे त्याच्या आत दुसरे काय असू शकेल, हे शोधण्याची सवय त्यांच्याजवळ होती.

मराठी वर्तमानपत्रांतील बहुतेक शब्दकोडी सरळ असतात. 'लबाड प्राणी' असे लिहिले की 'कोल्हा' लिहायचे. परंतु मराठीतही गूढ कोडे चांगले रचता येते. ते कसे, हे आता पाहू.

अक्षर आणि हर्फ

आधी एक गोष्ट समजून घ्या. शब्द शोधण्यासाठी जे वाक्य दिलेले असते त्याला आपण 'सूत्र' म्हणू. सूत्राच्या शेवटी कंसात जो आकडा असतो तो उत्तरातील अक्षरांची संख्या सांगतो. मराठीत एका चौकटीत एक अक्षर लिहितात. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सर्व त्या अक्षराबरोबरच राहतात. जोडाक्षरही एकाच चौकटीत बसते. म्हणून 'पन्हाळा' या शब्दाला प, न्हा, ळा अशा तीन चौकटी लागतात.

उर्दूत हिशेब वेगळा आहे. 'मकान' हा शब्द उर्दूत मीम, काफ, अलिफ, नून असा चार हर्फांचा होतो. मराठीत तो म, का, न असा तीन अक्षरांचा होतो. उर्दूत आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, मराठीत आडवा शब्द डावीकडून उजवीकडे भरायचा. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. उर्दूत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत. मराठीत ऱ्हस्व इकार, उकार लिहावाच लागतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. वेलांटी बदलली की कोडे चुकते.

सूत्राची दोन अंगे

चांगल्या गूढ सूत्राला दोन अंगे असतात. एका अंगात उत्तराचा अर्थ असतो. दुसऱ्या अंगात तो शब्द कसा घडवायचा ते सांगितलेले असते. अर्थ बहुधा वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये नसतो. घडण सांगणाऱ्या अंगात एखादा खुणेचा शब्द असतो. फिरणे, उलटणे, लपणे, शिरणे, डोके जाणे हे खुणेचे शब्द आहेत. तो ओळखला की अर्धे काम झाले. आता मुख्य प्रकार एकेक करून पाहू.

१. जोडणी. यात दोन लहान शब्द शेजारी ठेवून मोठा शब्द करतात. शाहूपुरीचे उदाहरण याच प्रकारचे होते. दुसरे पाहा.

लबाड प्राणी नदीच्या वाढलेल्या पाण्याशेजारी उभा; शहर झाले (४)

लबाड प्राणी म्हणजे कोल्हा. नदीचे वाढलेले पाणी म्हणजे पूर. उत्तर : कोल्हापूर. पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर आले, त्यामुळे हे सूत्र कोल्हापूरकरांना लगेच कळेल. पण एक लक्षात ठेवा. कोडे सुटले म्हणजे गावाच्या नावाचे मूळ सापडले असे नाही. कोल्हापूर हे नाव कोल्ह्यावरून पडलेले नाही. त्याच्याविषयी कोल्हासुराची आख्यायिका सांगतात. कोडे फक्त अक्षरांचा मेळ घालते. शुद्धलेखनही पाहा. 'कोल्हापूर' लिहिताना पू दीर्घ, पण 'कोल्हापुरात' लिहिताना पु ऱ्हस्व होतो. शब्दाला प्रत्यय लागला की हा बदल होतो.

२. श्लेष. यात घडण वेगळी नसते. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात.

लग्नाच्या मांडवात उभा, तरी खाली नाही (२)

उत्तर : वर. वर म्हणजे नवरा मुलगा, आणि वर म्हणजे खालीच्या उलट. येथे उर्दू माध्यमाच्या मुलांनी सावध राहावे. 'खाली' या शब्दाचा उर्दूतील अर्थ रिकामा, मराठीतील अर्थ तळाच्या बाजूला. उर्दूतील अर्थ घेतला तर हे सूत्र सुटणारच नाही.

पण हीच अडचण आपल्याला नवी कोडी रचायला उपयोगी पडते. पाहा :

उर्दूत वर्गात बसून घेतात, कोल्हापुरात मातीत उतरून करतात (३)

उत्तर : तालीम. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा सराव, आणि तो सराव करण्याची जागासुद्धा. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम ही नावे तुम्ही ऐकली असतील. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधून घेतले ते १९१२ साली. शब्द एकच, पण एका भाषेत तो बुद्धीच्या मेहनतीसाठी वापरला गेला आणि दुसऱ्या भाषेत शरीराच्या मेहनतीसाठी.

आता हे सूत्र पाहा :

उर्दूत समेट, मराठीत नोकरीचा शेवट (४)

उत्तर : राजीनामा. हा केवळ खेळ नाही. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्ष राजी झाल्याचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडत असल्याचे पत्र. समजा, एखाद्या कामगारापुढे असा कागद ठेवला. त्याने 'राजी' एवढेच अक्षर पाहिले आणि संमतिपत्र समजून सही केली, तर त्याची नोकरी जाईल. ओळखीचा शब्द दिसला की आपण पुढे वाचत नाही. तेथेच माणूस फसतो. कोडे आपल्याला ओळखीच्या शब्दाजवळही थांबायला शिकवते.

३. लपलेला शब्द. यात उत्तर सूत्रातच सलग लिहिलेले असते, पण दोन शब्दांच्या सांध्यात लपलेले असते.

काका गदगदले, त्यांच्यात लपली लिहिण्याची वस्तू (३)

'लपली' ही खूण. आता अक्षरे सलग लिहा : का, का, ग, द, ग, द, ले. दुसऱ्या अक्षरापासून वाचा. का, ग, द. उत्तर : कागद. तुम्ही उर्दूच्या सवयीने शेवटी ज लिहिलात तर चौकट चुकेल. फारसीतील तो शब्द मराठीत येताना शेवटचा वर्ण बदलून आला आहे.

४. उलटा शब्द. यात दिलेल्या शब्दाची अक्षरे शेवटापासून वाचायची.

दीन परतला की वाहते पाणी (२)

'परतला' ही खूण. दीन उलटा वाचला की नदी. येथे दी दीर्घ आहे, म्हणून नदीतील दी दीर्घ. 'दिन' लिहिले तर 'नदि' होईल आणि तो शब्द अशुद्ध ठरेल. टेलिग्राफच्या स्पर्धेतून एक स्पर्धक असाच बाद झाला होता, हे आठवा.

काही शब्द उलटे केले तरी तसेच राहतात :

उलटले तरी जसेच्या तसे राहते, असे समुद्रावरचे वाहन (३)

उत्तर : जहाज. ज, हा, ज. गंमत अशी की उर्दूत हा खेळ जमत नाही, कारण तेथे शब्द जीमने सुरू होतो आणि झे या वेगळ्या हर्फाने संपतो. मराठी देवनागरीत दोन्ही ठिकाणी ज लिहितात, म्हणून शब्द दोन्ही बाजूंनी सारखा होतो.

५. अक्षरांची अदलाबदल. यात अक्षरे तीच राहतात, त्यांचा क्रम बदलतो.

खबर फिरली, इतिहास झाली (३)

'फिरली' ही खूण. ख, ब, र ही तीन अक्षरे सहा प्रकारे लावता येतात : खबर, खरब, बखर, बरख, रखब, रबख. यांपैकी इतिहास असा अर्थ असणारा शब्द एकच, बखर. जुन्या मराठी गद्यात राजे, लढाया आणि घराणी यांच्या हकिकती लिहिल्या गेल्या, त्यांना बखर म्हणतात. आणि विशेष गोष्ट अशी की, बखर हा शब्द खबर या अरबी शब्दाची अक्षरे मागेपुढे होऊनच तयार झाला असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे कोडेकाराने जे आज कागदावर केले, ते लोकांच्या बोलण्याने शेकडो वर्षांपूर्वीच केले होते!

असे शब्द शोधण्याची आवड असलेल्यांनी माधवराव पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' ग्रंथालयात अवश्य पाहावा. हा कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे हे कवी पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. मराठीत गझल रुजवण्याचे कामही त्यांनी केले.

६. पोटात शिरलेले अक्षर. यात एका शब्दाच्या पोटात दुसरे अक्षर बसवतात.

मनात 'का' शिरला, घर झाले (३)

'मन' या शब्दात 'का' शिरवा. म, का, न. उत्तर : मकान. मनात घर करणे हा मराठी वाक्प्रचार आहे. एखादी गोष्ट कायमची मनात राहणे असा त्याचा अर्थ. सूत्र वाचणाऱ्याला तो वाक्प्रचार आठवतो आणि तो भावनेचा विचार करू लागतो. कोडेकाराला तेच हवे असते.

७. डोके उडवणे किंवा बदलणे. यात शब्दाचे पहिले अक्षर काढतात किंवा दुसरे लावतात.

उन्हाळ्याने पहिले अक्षर बदलले आणि तो किल्ल्यावर पोहोचला (३)

उ काढून प लावा. उत्तर : पन्हाळा.

कारण सांगण्याची रीत

आता पाठाच्या मुख्य भागाकडे वळू. वर्गात कोडे घातले की चार हात वर होतात. एखाद्याचे उत्तर बरोबर येते. 'का?' असे विचारले की तो म्हणतो, "असेच सुचले." अंदाजपंचे उत्तर आले तर त्याला कोडे सोडवणे म्हणत नाहीत. उद्या दुसऱ्या कोणाचा वेगळा अंदाज आला तर दोघांपैकी खरा कोण, हे कसे ठरवणार? जो मोठ्याने बोलेल तो? की जो कारण सांगेल तो?

म्हणून प्रत्येक उत्तराबरोबर चार गोष्टी लिहाव्यात : उत्तर, अर्थ, घडण आणि ताळा. नमुना पाहा.

सूत्र : खबर फिरली, इतिहास झाली (३)
उत्तर : बखर.
अर्थ : सूत्रातील 'इतिहास' हा शब्द उत्तराचा अर्थ सांगतो.
घडण : 'फिरली' या खुणेमुळे 'खबर' या शब्दातील अक्षरांचा क्रम बदलला.
ताळा : ब, ख, र ही तीन अक्षरे. कंसातील आकडा तीन. सूत्रातील प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. सूत्रातील एखादा शब्द शिल्लक राहिला आणि तो कशासाठी आहे हे सांगता आले नाही, तर उत्तर पुन्हा तपासावे. गणितात आपण हातचा विसरत नाही, तसाच येथे शब्द विसरायचा नाही.

हा नियम कोडे रचणाऱ्यालाही लागू आहे. फसवावे, पण खोटे बोलू नये. सूत्र वरवर काहीही सुचवो, नीट वाचले असता त्यातून उत्तर निघालेच पाहिजे, आणि एकच निघाले पाहिजे. आपल्या देशात असा एक काळ होता की मोठ्या बक्षिसांची कोडी निघत. अशा काही कोड्यांत दोन शब्द सारखेच लागू पडत, आणि बंद पाकिटात लिहिलेला शब्द तेवढा बरोबर मानला जाई. लोक पैसे भरून नशीब अजमावत. १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस देणाऱ्या अशा स्पर्धांना बंदी केली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा कायदा जुगारासारख्या स्पर्धांसाठी आहे. ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्यांच्यासाठी नाही. म्हणजे कौशल्य कोठे संपते आणि जुगार कोठे सुरू होतो, हा प्रश्न कोड्यांमुळे न्यायालयापर्यंत गेला. ज्या कोड्याचे कारण सांगता येते ते कौशल्याचे. ज्याचे कारण रचणाऱ्यालाही सांगता येत नाही, ते नशिबाचे.

एक लहान कोडे

आता वहीत तीन ओळी आणि तीन रकाने आखा. नऊ चौकटी होतील. मधली चौकट काळी करा. वरच्या डाव्या चौकटीत १, वरच्या उजव्या चौकटीत २ आणि खालच्या डाव्या चौकटीत ३ असे आकडे लिहा.

आडवे शब्द
१. कायद्याच्या पुस्तकात आणि आंब्याच्या बागेत. उर्दू शाळेत तर हातात (३)
३. उलटसुलट कसेही पाहा, पाहणारा तोच (३)

उभे शब्द
१. उर्दूत बाण सोडते, मराठीत वाटेवर पाहुण्यांचे स्वागत करते (३)
२. मनात 'का' शिरला, घर झाले (३)

उभा शब्द २ आपल्याला माहीत आहे, मकान. तो भरा. आता आडव्या १ चे शेवटचे अक्षर म झाले. कायद्यात, बागेत आणि हातात असणारी, म ने संपणारी वस्तू कोणती? कलम! कायद्याचे कलम, आंब्याचे कलम आणि उर्दूत लेखणी. तीन अर्थ एका शब्दात आले. आडवा ३ हा शब्द न ने संपतो, कारण मकानचे शेवटचे अक्षर तेथे आहे. 'डोळा' हा शब्द कोणाला सुचला असेल तर तो येथे बसत नाही. तो न ने संपत नाही आणि उलटा केला तर तसाच राहतही नाही. शब्द उलटसुलट सारखा असेल तर त्याचे पहिले अक्षरही न असले पाहिजे. न आणि न यांच्या मध्ये कोणते अक्षर घातले म्हणजे पाहणारा अवयव होईल, ते तुम्ही शोधा. उभ्या १ चे पहिले आणि शेवटचे अक्षर आता तुमच्याजवळ आहे, तेही पूर्ण करा.

पाहिलेत? एक उत्तर दुसऱ्याला आधार देते आणि चुकीच्या उत्तराला अडवतेही. आडव्या शब्दाने उभ्याची साक्ष द्यायची आणि उभ्याने आडव्याची. म्हणून चौकटींचे कोडे सोडवताना पहिले उत्तर पेन्सिलीने लिहावे आणि साक्ष मिळाली की मग शाईने पक्के करावे.

मित्रांनो, मराठी ही आपली दुसरी भाषा आहे, म्हणून ती आपल्याला जमणार नाही असे काही विद्यार्थी मानतात. या पाठातील उत्तरे पुन्हा पाहा : तालीम, कागद, जहाज, मकान, कलम, राजीनामा. हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. फक्त कोठे अर्थ बदलला, कोठे अक्षर बदलले. तो बदल नेमका काय आहे, हे ज्याला सांगता येईल त्याला दोन्ही भाषा अधिक चांगल्या येतील. पुढच्या वेळी रस्त्यावरची पाटी, नोटीस किंवा अर्ज वाचताना ओळखीच्या शब्दाजवळ क्षणभर थांबा आणि विचारा, येथे याचा अर्थ कोणता?

शब्दार्थ

ताळा – उत्तर बरोबर आहे की नाही याची पडताळणी
श्लेष – एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे
हुकमत – ताबा, प्रभुत्व
सांकेतिक – ठरवलेल्या खुणांनी लिहिलेले
गदगदणे – भावनेने कंठ दाटून येणे
आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी कथा
समेट – भांडण मिटवून केलेली तडजोड
हातचा – बेरीज करताना पुढच्या स्थानी न्यायचा अंक

वाक्प्रचार

मनात घर करणे – कायमचे लक्षात राहणे
नशीब अजमावणे – यश मिळते का हे दैवावर सोडून पाहणे
साक्ष देणे – खरेपणाबद्दल पुरावा देणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिले चौकटींचे शब्दकोडे कोणत्या वर्तमानपत्रात छापले गेले?
(आ) मोरोपंतांचा जन्म कोठे झाला?
(इ) 'निरोष्ठ रामायणा'त कोणती अक्षरे टाळली आहेत?
(ई) १९४२ च्या स्पर्धेत एक स्पर्धक बाद का झाला?

प्र. २. पुढील सूत्रे सोडवा. प्रत्येकाचे उत्तर, अर्थ, घडण आणि ताळा लिहा.
(अ) 'नका' म्हटले की उलटे ऐकतो (२)
(आ) मका उलटला, कष्ट झाले (२)
(इ) नगारा डोक्याविना वाजला, आकाशातून बर्फ पडला (२)
(ई) झाडावर, पुस्तकात आणि जेवणानंतर तोंडातही (२)
(उ) 'बाबा जारमध्ये' या शब्दांत खरेदीची जागा लपली (३)

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) 'जहाज' हा शब्द मराठीत उलटा केला तरी तसाच राहतो, उर्दूत राहत नाही.
(आ) 'दीन' ऐवजी 'दिन' लिहिले तर नदीचे कोडे सुटत नाही.
(इ) चौकटीत 'डोळा' हे उत्तर चालत नाही.

प्र. ४. खाली, तालीम, राजीनामा, कलम, कमान या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा आणि प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

प्र. ५. 'दुकान' या शब्दात एक अवयव लपला आहे. तो शोधा आणि त्यासाठी स्वतः एक सूत्र तयार करा. ते शेजारच्या विद्यार्थ्याला सोडवायला द्या. त्याला दुसरे एखादे योग्य उत्तर सापडले, तर आपले सूत्र दुरुस्त करा.

उपक्रम : आपल्या भागातील दहा दुकानांच्या पाट्या वाचा. अरबी-फारसीतून मराठीत आलेले शब्द वेगळे लिहा. त्यांपैकी कोणत्याही चार शब्दांचे चौकटींचे कोडे तयार करून वर्गाच्या फलकावर लावा.